विहिरीवरचा रूळ

आमच्या घरातली फरशी मी लहानपणी नीट पाहिलीच नाही. तिच्यावर कायम पत्रकं पसरलेली असायची. पप्पा डोंबिवलीहून, कोपरच्या छापखान्यातून, सुतळीनं बांधलेले गठ्ठे आणायचे. शाई अजून ओली आहे म्हणून ती पत्रकं पंख्याखाली वाळत ठेवायची, आणि वाळली की मम्मी, मी आणि धाकटी ग्लोरी मांडी घालून त्यांच्या घड्या घालत बसायचो. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरच. 'निषेध' हा शब्द मला 'नळ' आणि 'नथ' यांच्या आधी वाचता यायचा. चुकलेली पत्रकं मम्मी स्वयंपाकघरात न्यायची. ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे गोल फुगे आमच्याकडे सणाला तळतात, ते ती त्या कागदांवर तेल निथळायला ठेवायची आणि गरम फुग्यांच्या पोटावर उलटी अक्षरं उमटायची. बदकाच्या रश्श्यात बुडवून आम्ही ती अक्षरं खाल्ली आहेत. पुढे मी स्वतः लिहायला लागले तेव्हा लोक म्हणाले, मुलगी फार तिखट लिहिते. त्याचं मूळ आमच्याकडे वर्षाचा कुटून बाटल्यांत भरतात त्या मसाल्यात नव्हतं, एवढंच सांगते.

घोडबंदर रोडवरून आमचं गावठाण दिसत नाही. टॉवरच्या दोन रांगांच्या मध्ये एक बोळ आहे, त्यातून आत यावं लागतं. आम्ही इथले जुने ख्रिस्ती, भातशेती आणि खाडीवर जगलेले. शेती गेली, खाडी पत्र्यांच्या पलीकडे गेली, आणि एक दिवस विहीरही गेली. ती आमच्या घराची नव्हती, गावाची होती. दोन दगडी खांब, त्यांच्यावर आडवा टाकलेला रेल्वेच्या रुळाचा जाडजूड तुकडा, आणि त्याला टांगलेला रहाट. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लाल लुगडी नेसून, घागरी घेऊन, बँड लावून विहिरीवर जातात. त्या पाण्याला उंबराचं पाणी म्हणतात आणि त्यानं नवरीला न्हाऊ घालतात. मम्मी आणि तिची सासू, दोघी याच गावच्या लेकी, दोघींचं पाणी त्या विहिरीचं होतं. म्हणून जमीन विकत घेणाऱ्यांनी विहिरीभोवती पत्रे ठोकले तेव्हा पप्पांनी पत्रक काढलं. त्यातलं एक वाक्य गावातल्या प्रत्येकाला पाठ होतं: 'आमच्या लेकींच्या लग्नाचं पाणी आम्ही याच विहिरीतून काढू, पाहू कोण अडवतो.' विहीर तरीही बुजवली गेली. मग दुसरं पत्रक निघालं. 'रुळासकट, रहाटासकट आमची विहीर जिवंत गाडली.' ते वाक्य मी शाळेच्या स्नेहसंमेलनात माईकवरून म्हणून दाखवलं होतं. बाईंनी मध्येच माईक बंद केला, पण रुळापर्यंत मी पोचले होते.

त्या जागेवर पुढे काहीच उभं राहिलं नाही. कसल्याशा वादात ती अडकली आणि सगळ्या ठाण्यातून पाडलेल्या इमारतींचा मलबा तिच्यावर येऊन पडत राहिला. विहिरीकाठचा उंबर तोडला गेला, बांध दिसेनासे झाले, खुणेचा एक दगडही उरला नाही. विहीर या मैदानात कुठे होती ते गावातले दहा जण दहा जागी दाखवायचे.

पप्पांना झटका आला तेव्हा मी नोकरीला लागलेले होते आणि फावल्या वेळात लिहीत होते. उजवं अंग गेलं. ते हळूहळू थोडंफार परत आलं. शब्द आले नाहीत. आयुष्यभर ज्या माणसानं चौकात उभं राहून माणसांना वाक्यं वाटली त्याच्याजवळ एक अक्षर राहिलं नव्हतं. शब्द शिकवायला एक बाई यायच्या, चित्रांची पानं घेऊन. पेला. चमचा. छत्री. त्या फार शांत होत्या. "घाई नको," त्या आम्हाला सांगायच्या, "शब्द आत आहेत, रस्ता मोडलाय. तुम्ही वैतागलात तर ते लपतील." पप्पा चमच्याचं चित्र बघायचे आणि मान भिंतीकडे वळवायचे. मी दारात उभी राहून मुठी आवळायचे. मला त्या बाईंचा राग यायचा, चमच्याचा यायचा, आणि खरं सांगायचं तर पप्पांचाही यायचा. धीर धरणं मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. आमच्या घरात सगळं आजच्या आज व्हायचं, उद्या फार उशीर झालेला असायचा.

मग ग्लोरीचं लग्न ठरलं. जेवताना तिनं सहज विचारलं, "उंबराचा पानी कुठशी आणायचा? टँकरशी?" आणि पप्पांनी डावा हात उचलला. कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही केलं होतं. तळवा खाली, बोटं सरळ, हात हवेत डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे, सपाट, जमिनीवरून फिरवल्यासारखा. घशातून एक घरघर. ग्लोरी रडायलाच लागली. "पप्पाला विहीर पाह्यजे," ती म्हणाली. मलाही तेच वाटलं. पप्पांनी गावाला शब्द दिला होता, छापून दिला होता, आणि तो पुरा करायला त्यांच्याजवळ आता फक्त मी होते. विहीर सापडली की त्यांच्या आत अडकलेलं सगळं बाहेर येईल, असं मी मनाशी धरून बसले. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर मम्मीनं मला तिथेच थांबवलं असतं.

मम्मी एवढंच म्हणाली, "विहीर काय चमचा हाय, गादीखाली सापडायला?"

पण रूळ लोखंडाचा होता. खांब पाडले असतील तरी रूळ तिथेच, विहिरीच्या काठाशी पडलेला असणार. तो सापडला की विहिरीचं तोंड सापडलं. मी एक धातू शोधायचं यंत्र मागवलं. त्याआधी मोबाईलवर पाहिलं होतं, कुठल्या तरी परदेशी किनाऱ्यावर एक गोरा म्हातारा शिट्टी वाजवत चालतो आणि पाच पावलांवर अंगठी काढतो. खोक्यातून निघालं ते असं: एक लांब दांडा, खाली जेवणाच्या ताटाएवढी चकती, वर कोपर टेकवायला पट्टा, बटणांची डबी आणि कानाला लावायचे हेडफोन. ग्लोरी हळदीच्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, "रेजी, तुझी ही इस्त्री कवा गरम होनार?"

सरावासाठी मी अंगणात एक चमचा, एक किल्ली आणि मम्मीचं तुटकं पैंजण पुरलं. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की लोखंडाला घोगरा आवाज येतो, चांदी-तांब्याला बारीक किणकिणता. मला दोन्ही आवाज सारखेच ऐकू यायचे. मी यंत्र गवत कापल्यासारखं फिरवायचे. चकती प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला वर उचलली जायची आणि वर उचललेली चकती जमिनीखालचं काही ऐकत नाही. ती जमिनीला समांतर, बोटभर अंतरावर ठेवायची, सावकाश न्यायची, सावकाश आणायची, आणि पाऊल पुढे टाकलं की मागची अर्धी जागा पुन्हा झाकायची. शिवाय एक बटण असतं, यंत्रानं किती बारीक ऐकावं ते ठरवणारं. ते मी पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत फिरवलं. माझा स्वभावच तसा. मग यंत्र पायातल्या चपलेच्या खिळ्यालाही ओरडायला लागलं. अंगणात आवाज ओळखायला मला आठवडा गेला. पैंजण मी तीनदा चमचा म्हणून खणलं. पण एका सकाळी डोळे मिटून मी किल्लीवर थांबले आणि ती किल्लीच निघाली. ओट्यावर पप्पा बसले होते. मी त्यांच्याकडे पाहून किल्ली हलवली. त्यांनी तोच हात उचलला, सपाट, डावीकडून उजवीकडे. मला वाटलं, ते मला चकती कशी फिरवायची ते दाखवताहेत. मी त्यांच्या हाताची गती बघून माझी गती बसवली. आज हे आठवलं की मला कुठे बघावं कळत नाही.

मैदान म्हणजे अंगण नव्हतं. पत्र्याच्या दारावरचा रखवालदार बिहारचा होता, पप्पांना ओळखायचा. त्यानं दार सरकवलं आणि पप्पांसाठी आत प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. "सोना ढूँढ रहे हो क्या, मैडम?" तो म्हणाला. मी म्हटलं, "कुआँ." तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मी हेडफोन लावले, यंत्र चालू केलं, आणि ते जे ओरडायला लागलं ते थांबेचना. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मलबा म्हणजे काय? पाडलेल्या इमारती. आणि इमारतींच्या पोटात काय असतं? सळ्या. प्रत्येक सिमेंटच्या ढेकळात सळी, तार, पत्र्याची पट्टी, खिडकीचा गज, नळाचं तोंड. पायाखाली अख्खं मोडलेलं शहर होतं आणि ते एकाच वेळी बोलत होतं. लोखंड वगळायची सोय यंत्रात होती, पण मी शोधत होते तेही लोखंडच. जे नको ते बंद करावं तर जे हवं तेही बंद होत होतं.

रोज संध्याकाळी नोकरीवरून आले की आम्ही तिघी पप्पांना घेऊन जायचो. मी सुतळीनं पट्टे आखले. बटण उतरवलं, आणखी उतरवलं. मोठ्या लांब वस्तूचा आवाज वेगळा असतो, तो तुटत नाही, चकती दोन्ही बाजूंनी नेली तरी टिकतो, हे मी वाचून नव्हे, खणून शिकले. खणलं की निघायचं काय, तर जिन्याचा कठडा. कपाटाचं दार. एकदा अख्खी खाट निघाली. मम्मी तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कोनाची असल गो? निजलेलं मानूस कुठं गेलं?" माझ्या हाताला फोड आले. पहिल्या आठवड्यात मी दोनदा यंत्र फेकलं. मग फेकणं थांबलं. माझ्यात काही चांगलं उगवलं होतं असं नाही, मी थकले होते. पण थकव्यातही हात शिकतो. चकती सरळ जायला लागली, कान आवाज वेगळे करायला लागले, एक पट्टा संपला की मी न चिडता दुसऱ्यावर जायला लागले. ग्लोरी म्हणाली, "लग्न माजा हाय, तुज्या भंगाराचा नाय. मेंदी काढायला तरी ये." मी गेले नाही. आणि पप्पा खुर्चीत बसून दर थोड्या वेळानं हात उचलायचे. सपाट. इकडून तिकडे. मी लांबून ओरडायचे, "हो पप्पा, सावकाशच करतेय!"

लग्नाच्या आधीच्या शुक्रवारी मी रजा घेतली आणि कोपरला गेले, दामूकाकांना पत्रिका द्यायला. पप्पांची सगळी पत्रकं यांनीच छापली. छापखाना कधीच बंद झाला होता. यंत्राच्या जागी आता शिवणयंत्र होतं आणि सूनबाई त्यावर परकर शिवत होत्या. दामूकाकांनी पत्रिका हातात घेतली, आधी कागद चोळून पाहिला, मग अक्षर, मग मजकूर. "छपाई बरी आहे," ते म्हणाले. "जोसेफ कसा आहे?" मी सांगितलं. मग उत्साहानं यंत्राचं सांगितलं, सळ्यांचं, खाटेचं. उद्या संध्याकाळपर्यंत शेवटचे चार पट्टे राहिलेत, रूळ त्यांतच कुठेतरी असणार, असं म्हणाले.

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "कुठला रूळ?"

"विहिरीवरचा."

"अगं, तो तिथं कसा असेल?" ते सुनेकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तो आम्ही विकला. विहीर बुजवायच्या आधी. पहिल्या पत्रकाला कागद घ्यायचा होता आणि जोसेफकडे काही नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पत्रे लागलेच होते, आत कोणी जात नव्हतं. पहाटे पत्रा सरकवून दोघांनी तो काढला आणि टेम्पोत घालून इथल्या भंगारवाल्याकडे आणला. मी म्हटलं, जोसेफ, गावाची वस्तू आहे. म्हणाला, विहीर वाचली की नवीन टाकू, याच्यापेक्षा जाड."

"पण दुसऱ्या पत्रकात होतं ना, रुळासकट गाडली म्हणून."

"होतं. अक्षरांचे खिळे मीच जुळवले होते." ते आपल्या बोटांकडे बघत होते. "त्या शब्दाशी मी थांबलो होतो. त्याला विचारलं, हे राहू द्यायचं का? त्यानं तो कागद पुन्हा वाचला. मग म्हणाला, छाप." ते पुढे म्हणाले, "तुला त्यानं सांगितलं असेल असं मला वाटलं. निदान आता, शोधायला लागलीस तेव्हा तरी."

कसं सांगणार होते? मी तिथून निघाले आणि कितीतरी वेळ कोपरच्या रस्त्यावर नुसती उभी राहिले. मला संताप यायला हवा होता. खोटं छापणाऱ्यांवर मी त्या वर्षी दोन लेख लिहिले होते, चांगले झणझणीत. पण ज्याच्याशी भांडायचं त्याला 'पेला' म्हणता येत नव्हतं. आणि हळूहळू तो हात माझ्या डोळ्यांपुढे आला. जेवणाच्या टेबलावरचा. ओट्यावरचा. मैदानातला, रोज संध्याकाळी, दर थोड्या वेळानं. ते मला काही शिकवत नव्हते. ते 'नको' म्हणत होते. 'नाही' म्हणत होते. 'तिथे काही नाही' म्हणत होते, त्यांच्याजवळ उरलेल्या एकुलत्या एका शब्दानं, आणि मी त्या शब्दाच्या तालावर यंत्र फिरवत होते.

संध्याकाळी मैदानावर मी एक पट्टा पूर्ण केला. मम्मी आणि ग्लोरी बघत होत्या म्हणून. माझा हात इतका सुंदर चालला होता की माहितीपुस्तिकेत चित्र काढावं. मग त्या दोघी बँडवाल्याशी बोलायला दाराकडे गेल्या, तेव्हा मी पप्पांच्या खुर्चीपाशी जाऊन मलब्यावर बसले. त्यांनी हात उचलला. मी म्हटलं, "पप्पा, कळलं मला. कोपरला गेलेले. दामूकाकांनी सांगितलं."

हात तसाच हवेत राहिला आणि मग मांडीवर उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी हेडफोन काढून त्यांच्या कानांना लावले आणि खुर्चीभोवती सावकाश चकती फिरवली. ते डोळे मिटून ऐकत होते, जमिनीखालच्या त्या सगळ्या सळ्या, गज, खाटा. एका डोळ्यातून पाणी आलं, चांगल्या बाजूच्या. मी यंत्र बंद केलं. त्यानंतर रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी सबंध त्यांचा हात मांडीवरच राहिला. मला वाटलं, झालं. आता आमच्यात काही राहिलं नाही.

शनिवारी घरात वड्यांचा, बाटली मसाल्याचा, मोगऱ्याचा वास होता आणि मांडवात कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मी मम्मीला काही सांगितलं नव्हतं. सांगायचं ते पप्पांचं होतं, ते मी कसं सांगू? उन्हं उतरली तशा बायका लाल लुगड्यांत निघाल्या, पुढे बँड, मागे ढकलखुर्चीत पप्पा. घागरी नळाच्या पाण्यानं घरीच भरल्या होत्या, विहिरीच्या जागी टेकवून, प्रार्थना म्हणून, परत उचलायच्या असं ठरलं होतं. मैदानात आल्यावर बँड थांबला. सगळ्या माझ्याकडे वळल्या. डोक्यावर भरलेल्या घागरी, माना ताठ.

"कुठं गो, रेजी?" मावशी म्हणाली. "सांग लवकर, मान मोडली माजी!"

ग्लोरी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत ते अख्खं पत्रक होतं, पहिल्या ओळीपासून. मी शेवटच्या पट्ट्यात चालत गेले, एका जागी थांबले आणि पायानं माती सारखी केली.

"इथं," मी म्हटलं. "रूळ इथंच लागला."

घागरी खाली आल्या. मम्मीनं क्रुसाची खूण केली. बायकांनी प्रार्थना सुरू केली. मी मान वर करून पप्पांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात मांडीवरून उठत होता. तळवा खाली, बोटं सरळ. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. माझ्याकडे रोखून बघत, पुन्हा आणि पुन्हा.

"बगा, बगा," मावशी ओरडली, "जोसेफ नाचाला लागला! वाजव रे, वाजव!" आणि बँड वाजायला लागला.